एकदा गेलेली कूर्चा आणि विल्यम हंटर

मानसरोवर किंवा खांदेश्वर स्थानकाचा जिना उतरताना कठडा घट्ट धरून, आडवे पाऊल टाकत एकेक पायरी उतरणारी माणसे कामोठ्यात रोज दिसतात. चढण्यापेक्षा उतरताना जास्त दुखते, ही त्यांची नेहमीची तक्रार. एक्स-रे काढला की डॉक्टर सांगतात, गुडघ्यातली गादी झिजली आहे. मग घरात सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, झिजलेली गादी पुन्हा भरून येईल का? अलीकडे या प्रश्नाला ‘ग्रोथ फॅक्टर’ आणि ‘स्टेम सेल’ हे दोन शब्द येऊन चिकटले आहेत. एका इंजेक्शनात गादी नव्याने वाढते, अशा जाहिराती मोबाइलवर येतात आणि त्यासाठी लोक मुदत ठेव मोडायलाही तयार होतात.

गंमत म्हणजे हा प्रश्न नीट मांडला गेला तो जवळजवळ पावणेतीनशे वर्षांपूर्वी, १७४३ मध्ये. मांडणारा होता लंडनमध्ये नुकताच आलेला पंचवीस वर्षांचा एक स्कॉटिश तरुण. त्याचे नाव विल्यम हंटर. आजही कूर्चेवरचे अनेक शोधनिबंध त्याच्या त्या लेखाच्या उल्लेखाने सुरू होतात. घोड्याच्या मूळपेशींपासून कूर्चा तयार करणारे संशोधकसुद्धा त्यानेच मांडलेल्या प्रश्नाचे उत्तर शोधत आहेत. म्हणून इंजेक्शनाचा निर्णय घेण्याआधी या माणसाची ओळख करून घेणे उपयोगाचे ठरेल.

विल्यम हंटर यांचा जन्म २३ मे १७१८ रोजी स्कॉटलंडमधील ईस्ट किलब्राइडजवळ, लाँग काल्डरवुड नावाच्या शेतावरच्या घरात झाला. दहा भावंडांतले ते सातवे. सर्वांत धाकटा जॉन त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. पुढे तोही जगप्रसिद्ध शल्यचिकित्सक झाला. मुलाने धर्मोपदेशक व्हावे अशी वडिलांची इच्छा होती. त्यासाठी तेराव्या वर्षी विल्यम यांना ग्लासगो विद्यापीठात पाठवले गेले. पण धर्मशास्त्रात त्यांचे मन रमले नाही. १७३७ मध्ये ते हॅमिल्टन गावात विल्यम कलेन या डॉक्टरांकडे उमेदवारी करायला गेले आणि सुमारे तीन वर्षे त्यांच्याच घरी राहिले. कलेन पुढे स्कॉटलंडमधील नामवंत वैद्यकीय शिक्षक झाले. या तीन वर्षांत विल्यम यांचे आयुष्य वैद्यकाकडे वळले ते कायमचे.

एडिनबरामध्ये काही महिने शरीररचनाशास्त्र शिकून १७४० मध्ये ते लंडनला पोहोचले. तिथे जेम्स डग्लस या प्रसिद्ध शरीररचनातज्ज्ञांनी त्यांना मुलाचा शिक्षक आणि विच्छेदनातला मदतनीस म्हणून घरी ठेवून घेतले. डग्लस यांना हाडे आणि सांधे यांवर मोठा ग्रंथ काढायचा होता. गावी वडील थकले होते, मुलाने परतावे असे त्यांना वाटत होते; त्यांनी नाइलाजाने संमती दिली आणि त्याच वर्षी, म्हणजे १७४१ मध्ये, त्यांचे निधन झाले. पाठोपाठ १७४२ मध्ये डग्लसही गेले. त्यांच्या मुलीशी विल्यम यांचे लग्न ठरले होते, तीही १७४४ मध्ये वारली. विल्यम यांनी पुढे लग्न केले नाही. डग्लस यांच्याकडे सुरू केलेले सांध्यांचे काम मात्र त्यांनी सोडले नाही.

जून १७४३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत त्यांचा लेख वाचला गेला. विषय होता सांध्यांतील कूर्चेची रचना आणि तिचे आजार. कूर्चा म्हणजे काय हे स्वयंपाकघरात सहज पाहता येते. कोंबडीच्या तंगडीच्या हाडाला टोकाशी जे पांढरे, चकचकीत, दाताने चावता येणारे आवरण असते, ती कूर्चा. हाडावर हाड घासू नये म्हणून निसर्गाने लावलेले ते अस्तर आहे. हंटर यांच्या आधी त्याकडे हाडावरचे एक गुळगुळीत आवरण एवढ्याच नजरेने पाहिले जाई. हंटर यांनी ते भिजवून, कुजवून, फाडून त्याच्या आत काय आहे ते पाहिले.

त्यांना असंख्य बारीक तंतू दिसले, हाडाच्या पृष्ठभागावर सरळ उभे राहिलेले, मखमलीच्या कापडावर लव उभी असते तसे. भार पडला की हे तंतू वाकतात आणि भार गेला की पुन्हा उभे राहतात, म्हणून कूर्चा दबते पण तुटत नाही, असे त्यांनी मांडले. विसाव्या शतकात सूक्ष्मदर्शकाखाली कोलॅजनचे तंतू तपासले गेले, तेव्हा खोलवरचे तंतू खरोखरच उभे असल्याचे आढळले. वरच्या थरात ते कमानीसारखे वळतात. हंटर यांनी रक्तवाहिन्यांचाही माग काढला. सांध्याभोवती त्यांचे जाळे वर्तुळासारखे पसरते आणि कूर्चेच्या कडेशी येऊन थांबते, हे त्यांनी नोंदवले. कूर्चेला स्वतःची संवेदना नाही, हेही त्यांनी सांगितले.

त्याच लेखात ते वाक्य आहे, जे आजवर सर्वाधिक उद्धृत होते. त्याचा आशय असा की कूर्चेला जखम झाली तर ती हाडाच्या जखमेपेक्षा अवघड असते आणि एकदा नष्ट झालेली कूर्चा परत येत नाही. हा आपला शोध असल्याचा दावा हंटर यांनी केला नव्हता. हिपोक्रेटिसपासून सगळे शल्यचिकित्सक हे मानत आले आहेत, असेच त्यांनी लिहिले. त्यांचे मोठेपण पुढच्या पायरीत आहे. हे असे का होते, याचे उत्तर त्यांनी रचनेत शोधले.

आज ते उत्तर आपल्याला अधिक तपशिलाने सांगता येते. बोट कापले की रक्त येते, ते गोठते, त्या गुठळीत पेशी शिरतात आणि जखम भरू लागते. कूर्चेत रक्तवाहिनीच नाही, त्यामुळे भरून येण्याची सुरुवातच होत नाही. तिच्यात पेशी फार थोड्या आणि त्याही कोलॅजनच्या दाट जाळ्यात अडकलेल्या, जखमेपर्यंत सरकू न शकणाऱ्या. त्यांना अन्न मिळते ते सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवातून. चालताना कूर्चा स्पंजासारखी दबते आणि फुगते, त्यातून हा द्रव आतबाहेर होतो. मज्जातंतू नसल्याने झीज सुरू झाल्याचे कळतही नाही. दुखू लागते तेव्हा आतले हाड आणि सांध्याचे अस्तर यांत गडबड झालेली असते.

लेखानंतर हंटर पॅरिसला गेले. तिथे प्रत्येक विद्यार्थ्याला विच्छेदनासाठी स्वतंत्र मृतदेह मिळे. लंडनला परतल्यावर १७४६ पासून त्यांनी त्याच पद्धतीने स्वतःचे वर्ग सुरू केले. दोन वर्षांनी धाकटा भाऊ जॉन मदतीला आला. जॉन यांचे शालेय शिक्षण जेमतेम होते, पण हात विलक्षण होता. १७६८ मध्ये विल्यम यांनी ग्रेट विंडमिल स्ट्रीटवर घर, व्याख्यानगृह आणि संग्रहालय एकत्र बांधले. व्यवसायाने ते प्रसूतितज्ज्ञ होते. राणी शार्लट यांची बाळंतपणे त्यांच्या देखरेखीखाली झाली आणि १७६४ मध्ये त्यांना राणीचे वैद्य म्हणून पद मिळाले. १७७४ मध्ये गर्भवती गर्भाशयावरचा त्यांचा ३४ चित्रांचा भव्य ग्रंथ निघाला. आईच्या पोटातल्या बाळाची स्थिती इतक्या अचूकपणे त्याआधी कुणी दाखवली नव्हती.

या यशाची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्या काळी विच्छेदनासाठी कायद्याने मिळणारे मृतदेह म्हणजे फाशी दिलेल्या गुन्हेगारांचे, आणि तेही मोजके. लंडनमधल्या शरीररचनेच्या शाळा कबरी उकरून आणलेल्या मृतदेहांवर चालत. हंटर यांच्या ग्रंथातल्या स्त्रियांची नावे कुठेच नाहीत आणि त्यांची किंवा कुटुंबीयांची परवानगी घेण्याचा प्रश्नच तेव्हा कुणी विचारला नाही. ब्रिटनमध्ये यासाठी कायदा झाला तो १८३२ मध्ये. आपल्याकडे मुंबई शरीररचना कायदा १९४९ चा आहे. आज कामोठ्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकणारी मुले सांधा उघडून पाहतात, तेव्हा त्यामागे अनेकदा देहदान करणाऱ्या माणसांचा स्वेच्छेने दिलेला होकार असतो. हंटर यांच्या विद्यार्थ्यांना तो नव्हता.

हंटर यांचे कुतूहल माणसांपुरते मर्यादित नव्हते आणि इथे मुंबईचा संबंध येतो. मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर क्रॉमेलिन यांनी नीलगायींची एक जोडी लॉर्ड क्लाइव्ह यांना भेट म्हणून पाठवली होती. ती ऑगस्ट १७६७ मध्ये इंग्लंडला पोहोचली. युरोपातल्या अभ्यासकांना हा प्राणी नवा होता. राणीकडेही नीलगायी आल्या आणि हंटर यांना त्यांचा अभ्यास करण्याची परवानगी मिळाली. एक प्राणी त्यांनी काही काळ आपल्या तबेल्यात ठेवला. विदर्भात ज्याला रोही म्हणतात, त्या प्राण्याचे नर झुंजताना पुढचे गुडघे टेकतात आणि गुडघ्यांवरच सरकत एकमेकांवर झेप घेतात, हे त्यांनी १७७१ च्या लेखात बारकाईने नोंदवले. चित्र काढायला त्यांनी जॉर्ज स्टब्ज यांना बोलावले. स्टब्ज हे घोड्यांचे विच्छेदन करून १७६६ मध्ये अश्वशरीरावरचा प्रसिद्ध ग्रंथ काढणारे चित्रकार. नीलगायीचे ते चित्र आजही ग्लासगोत आहे.

शेवटची वर्षे मात्र कडू गेली. आईचे आणि गर्भाचे रक्ताभिसरण वेगळे असते, या शोधाचे श्रेय कुणाचे यावरून १७८० मध्ये दोघा भावांत रॉयल सोसायटीपुढे जाहीर वाद झाला आणि बोलणे तुटले. सांध्यांचा अभ्यास करणाऱ्या विल्यम यांना स्वतःला गाउटने, म्हणजे सांध्यात युरिक ॲसिडचे खडे साचण्याच्या आजाराने, गाठले होते. मार्च १७८३ मध्ये आजारी असतानाही ते व्याख्यान द्यायला उभे राहिले, शेवटी भोवळ येऊन कोसळले आणि त्यांना उचलून खोलीत न्यावे लागले. या आजारपणात जॉन त्यांच्यावर उपचार करायला आले. ३० मार्च १७८३ रोजी विल्यम यांचे निधन झाले, तेव्हा ते ६४ वर्षांचे होते. मृत्युपत्रात जॉन यांना काही नव्हते. लाँग काल्डरवुडची वडिलोपार्जित जमीन भाचे मॅथ्यू बेली यांना मिळाली. त्यांनी ती मामा जॉन यांना देऊन टाकली. संग्रह ग्लासगो विद्यापीठाकडे गेला आणि १८०७ मध्ये हंटेरियन संग्रहालय उघडले.

जॉन यांनी नंतर लंडनच्या पहिल्या पशुवैद्यक महाविद्यालयाच्या स्थापनेला पाठबळ दिले. ते १७९१ मध्ये सुरू झाले. आपल्याकडे परळचे मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ चे. या काळात पशुवैद्यकापुढचा मोठा रुग्ण होता घोडा. घोड्याचा सांधा गेला तर घोडा गेला, हे महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेसकोर्सवर वावरणाऱ्या कुणालाही ठाऊक असते. घोड्याच्या गुडघ्यातल्या कूर्चेची जाडी माणसाच्या कूर्चेच्या बरीच जवळ आहे. म्हणूनच कूर्चा पुन्हा उगवण्याच्या प्रयोगांत घोड्याला मोठे स्थान मिळाले. घोड्याला बरे करायचे आणि त्यातून माणसासाठी शिकायचे, असा दुहेरी हेतू त्यामागे आहे.

हंटर यांच्या प्रश्नावर विज्ञानाने शोधलेली वाट अशी. कूर्चेतल्या पेशी दुरुस्ती करू शकत नसतील, तर बाहेरून नव्या पेशी आणायच्या. हाडाच्या पोकळीतल्या मज्जेत मूळपेशी असतात, ज्यांना योग्य इशारा मिळाला तर त्या हाड, चरबी किंवा कूर्चा यांपैकी काहीही होऊ शकतात. हा इशारा देणारी प्रथिने म्हणजे ग्रोथ फॅक्टर, मराठीत वृद्धिघटक. पेशीच्या पृष्ठभागावर त्यांच्यासाठी खास जागा असतात. तिथे ते बसले की पेशीच्या आत ठरावीक जनुके सुरू होतात. कूर्चेसाठी सर्वांत महत्त्वाचा वृद्धिघटक टीजीएफ-बीटा. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात लिसा फोर्टियर, ॲलन निक्सन आणि सहकाऱ्यांनी घोड्याच्या मज्जेतल्या मूळपेशी वेगळ्या केल्या. टीजीएफ-बीटा दिल्यावर त्या कूर्चेच्या दिशेने वळतात, हे त्यांनी दाखवले. लागणारी मात्रा एका मिलिलिटरमध्ये काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागांत मोजण्याइतकी कमी.

प्रयोगशाळेत हे काम असे चालते. मज्जा काढून पेशी प्लास्टिकच्या तबकडीत वाढवतात. पुरेशा झाल्या की त्यांना फिरवून तळाशी गोळा करतात, कारण पसरलेल्यापेक्षा एकमेकींना चिकटलेल्या पेशी कूर्चेकडे लवकर वळतात. गर्भातही कूर्चा अशीच दाटीतून तयार होते. मग वृद्धिघटक, क जीवनसत्त्व आणि डेक्सामेथासोन घालून साधारण तीन आठवडे ठेवतात. शेवटी तपासतात की कूर्चेचे खास कोलॅजन, म्हणजे प्रकार दोनचे, तयार झाले का. इथे दोन धोके असतात. पेशी प्रकार एकचे कोलॅजन करू लागल्या तर व्रणासारखे चिवट, कमी टिकणारे ऊतक मिळते. फार पुढे गेल्या तर कूर्चेचे हाड व्हायला लागते.

तबकडीत जमले ते सांध्यात टिकते का, हा पुढचा प्रश्न. २००७ मध्ये निक्सन यांच्याच गटाने सहा घोड्यांच्या सांध्यात कूर्चेला मुद्दाम खाच केली आणि एका बाजूला मूळपेशी भरल्या. तीस दिवसांनी दुर्बिणीतून पाहिले, तेव्हा मूळपेशी भरलेली बाजू स्पष्टपणे चांगली होती. आठ महिन्यांनी मात्र दोन्ही बाजूंत लक्षणीय फरक उरला नव्हता. सुरुवात चांगली झाली, पण खरी कूर्चा टिकली नाही. पुढे २०१९ मध्ये युरोपीय संघाने घोड्यांसाठी आर्टी-सेल फोर्टे या इंजेक्शनाला मान्यता दिली. त्यात दुसऱ्या घोड्याच्या रक्तातल्या, कूर्चेच्या दिशेने आधीच वळवलेल्या मूळपेशी असतात. त्याचा मान्य उपयोग आहे सौम्य ते मध्यम लंगडणे कमी करणे. झिजलेली कूर्चा नवी होते, असे ती मान्यता म्हणत नाही.

माणसांतही हाच फरक लक्षात ठेवायला हवा. स्वतःच्या रक्तातल्या प्लेटलेट वेगळ्या करून गुडघ्यात देतात, त्या पीआरपी इंजेक्शनामागे प्लेटलेटमधल्या वृद्धिघटकांचीच कल्पना आहे. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात २८८ रुग्णांवर झालेल्या चाचणीत पीआरपी आणि साधे मिठाचे पाणी यांची तुलना झाली. बारा महिन्यांनी ना वेदनेत, ना कूर्चेच्या घनफळात अर्थपूर्ण फरक आढळला. मूळपेशींबाबत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट आहेत. रक्ताच्या आजारांसाठीचे प्रस्थापित प्रत्यारोपण सोडले, तर इतर वापर मान्य चाचणीतच व्हायला हवा. गुडघ्यासाठी औषध नियंत्रकांची मान्यता मिळालेली उत्पादने मोजकी आहेत.

म्हणून कुणी इंजेक्शन सुचवले तर तीन प्रश्न विचारा. हे उत्पादन माझ्या आजारासाठी औषध नियंत्रकांकडे मान्य आहे का? नसेल, तर ही नोंदणीकृत चाचणी आहे का? कारण चाचणीत सहभागी होण्याचे पैसे रुग्णाकडून घेतले जात नाहीत. आणि तिसरा, यातून दुखणे कमी होईल की कूर्चा वाढेल? दुखणे कमी होणे ही छोटी गोष्ट नाही, पण दोन्ही एक नाहीत. दरम्यान, हातात असलेले उपाय साधे आहेत. वजन एक किलोने कमी झाले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो. मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम आणि रोजचे सपाट रस्त्यावरचे चालणे यांनी बऱ्याच रुग्णांचे दुखणे कमी होते. चालल्याने कूर्चा झिजेल म्हणून बसून राहणे चुकीचे, कारण तिचे अन्न हालचालीतूनच पोहोचते. दुखणे खूप वाढले असेल, तर चालायचे किती हे अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टकडून ठरवून घ्या.

विल्यम हंटर यांच्याकडे ना चांगला सूक्ष्मदर्शक होता, ना पेशींची कल्पना. तरी कूर्चा का भरत नाही याचे कारण तिच्या रचनेत आहे, हे त्यांनी ओळखले. आजच्या प्रत्येक नव्या उपचाराला त्यांच्या १७४३ च्या लेखाची परीक्षा द्यावी लागते आणि घोड्यांवरच्या प्रयोगांनी दाखवले की ती पहिल्या महिन्यात नव्हे, आठव्या महिन्यात द्यायची असते. एखाद्या दिवशी कुणीतरी ती पास होईल. तोवर आपल्या गुडघ्यात शिल्लक असलेली कूर्चा जपणे, हाच त्यावरचा सर्वांत भरवशाचा उपचार आहे.